वर्तणूक : चांगली

गावकूस / वाटसरू

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो आणि त्यात ‘चांगली’ असं लिहिलेलं असतं. माझ्या दाखल्यावर आहे, तुमच्याही असेल. वर्गात रोज मारामाऱ्या करणाऱ्यालाही तोच शेरा, खाली मान घालून बसणाऱ्यालाही तोच. माणूस न तपासताच शेरा द्यायची आपली सवय इथूनच लागते.

तपासणी बघायची असेल तर हिंगोलीच्या हळद बाजारात जा. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळातलं हळकुंड काढतो आणि मोडतो. खट्‌कन तुटलं तर वाळलेलं, वाकलं तर अजून ओल आहे. मग आतला रंग बघतो. वरची चकाकी पॉलिशच्या ड्रमातून निघते, हे त्याला ठाऊक असतं. आतला रंग मात्र जमिनीतले आठ-नऊ महिने, शिजवण आणि ऊन यांतूनच टिकून येतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणाऱ्यांना तिथं भाव नाही.

अशीच एक तपासणी संतकथेत आहे. परंपरा सांगते, संत नामदेवांचा जन्म १२७० सालचा, आपल्याच हिंगोली जिल्ह्यात कयाधूकाठच्या नरसीचा. तेरला संतमंडळी जमली, तेव्हा मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका कुंभारांनी मडकी घडवायचं थापटणं उचललं आणि एकेकाचं डोकं वाजवून पाहिलं. बाकीचे निमूट बसले. नामदेव तेवढे रागावले आणि गोरोबांनी त्यांनाच कच्चं मडकं ठरवलं. भक्तीत ते कुणाहून उणे नव्हते. उणीव होती ती एवढीच, की आपल्याला कुणी तपासावं, हेच त्यांना सोसत नव्हतं.

पुढची गोष्ट औंढा नागनाथची. गुरूच्या शोधात नामदेव तिथं गेले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव चिडले, तर विसोबा म्हणाले, देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. ठेवील तिथं पिंडी! मंदिराची म्हणून आपण ही गोष्ट सांगतो, पण मला त्यातला गुरू महत्त्वाचा वाटतो. याच विसोबांनी एकेकाळी ज्ञानेश्वर-भावंडांचा दुस्वास केला होता. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून कुंभाराला अडवलं होतं. ज्यानं खापर अडवलं, त्याच्याच हाती पुढं कच्चं मडकं भाजायला आलं. स्वतः भट्टीतून गेलेल्यालाच दुसऱ्याचा कच्चेपणा कळतो.

हे भाजणं म्हणजे रोजची सवय. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनं म्हटलं आहे, की घरं बांधून गवंडी होतो, तसं न्यायानं वागत राहूनच माणूस न्यायी होतो. ग्रीक भाषेत ‘चारित्र्य’ आणि ‘सवय’ हे शब्द एकाच कुळातले. आपल्याकडे मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं परिपाठात म्हटली जातात. वाईट काहीच नाही. पण वक्तशीरपणाचा पाठ देणारे गुरुजी उशिरा आले, तर मुलं त्या दिवशी उशीरच शिकतात.

आपल्याला भट्टीचं वावडं नाही, थापटण्याचं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी दोन शब्द सुनावले की ‘तुम्हाला काय कळतं’, मित्रानं टोकलं की मैत्री बंद. पुढाऱ्याला तर सांगणारा माणूसच जवळ ठेवायचा नसतो. मग सगळेच चकाकतात, आत ओल तशीच.

नामदेवांना राग आला, तरी ते औंढ्याला गेले. त्याच नामदेवांनी पुढं पंजाबात घुमानपर्यंत मजल मारली आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. या आठवड्यात तुम्हाला कुणी थापटणं मारलंच, तर उलटून बोलण्याआधी एकदा आवाज ऐका. आपलं मडकं कसं वाजतंय, ते आपल्यालाच कळेल.