मोटारीला पेट्रोल कोणतें घालावें?

बैलाला वैरण कोणती घालावी हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. जनावराचें वय, त्याचें काम व ऋतु पाहून तो चारा ठरवितो. परंतु तोच चाणाक्ष गृहस्थ मोटार घेऊन पंपावर गेला म्हणजे "टाकी भरा" एवढेंच म्हणून मोकळा होतो. किंवा शेजारच्या नळीवर अधिक भावाचें पेट्रोल दिसल्यास, महाग तें चांगलें अशा समजुतीनें तें घेतो. ह्या दोन्ही रीति आम्हांस सदोष वाटतात. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहिणें आम्ही अगत्याचें समजतों.

प्रथम ऑक्टेनचा विचार करूं. पेट्रोलाच्या जातीपुढें ९१, ९५, १०० असे जे अंक सांगतात, ते त्याची ताकद दाखवीत नाहींत. इंजिनांत पेट्रोलाची वाफ व हवा दाबली जाते आणि ठिणगी पडल्यावर ती जळते. दाब फार झाला तर कांहीं भाग आपल्या आपण, अवेळीं पेट घेतो व इंजिन आंतून ठोके देऊं लागतें. मेकॅनिक ह्यास 'नॉकिंग' म्हणतात. हा दोष पेट्रोल कितपत आवरून धरतें, एवढेंच ऑक्टेनचा अंक सांगतो. ज्या इंजिनांत दाब अधिक, त्यासच वरचा अंक लागतो. मोटारीच्या पुस्तिकेंत ९१ लिहिलें असतां १०० अंकाचें पेट्रोल घालणें म्हणजे दोन बैलांच्या ओझ्यास चार बैल जुंपणें होय. माल लवकर पोंचत नाहीं, वैरण मात्र चौघांची लागते.

दुसरा विचार इथेनॉलचा, आणि हा तर आपल्या घरचाच आहे. २०१४ सालीं देशांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण सरासरी दीड टक्क्याच्या आसपास होतें. जून २०२२ मध्यें तें १० टक्क्यांवर गेलें. २० टक्के मिश्रणाचें 'ई-२०' पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्यें विक्रीस आलें. आणि जें उद्दिष्ट मूळ २०३० सालाचें होतें, तें २०२५ मध्येंच गाठल्याचें सरकारनें जाहीर केलें. हें इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून व आतां मोठ्या प्रमाणावर मक्यापासूनही निघतें. त्यायोगें परदेशी तेलावरील खर्च वांचतो, कारखान्यास साखरेखेरीज दुसरें गिऱ्हाईक मिळतें व उसाचें बिल निघण्यास मदत होते. ह्या धोरणाच्या बाजूचे आम्ही आहों व पुढेंही राहूं.

पण बाजूचे आहों म्हणून व्यवहार नजरेआड करतां येत नाहीं. लिटरभर इथेनॉलांत उष्णता लिटरभर पेट्रोलाच्या सुमारें दोन-तृतीयांशच असते. नीति आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालांतच असा अंदाज आहे कीं, मूळ निव्वळ पेट्रोलासाठीं बनलेल्या व १० टक्के मिश्रणास जुळविलेल्या मोटारींत ई-२० घातल्यास मायलेज सहा ते सात टक्क्यांनीं घटेल. १० टक्क्यांसाठीं बनवून ई-२० ला जुळविलेल्या मोटारींत ही घट एक ते दोन टक्केच राहील. म्हणजे लिटरला १५ किलोमीटर जाणारी जुनी गाडी १४ वर येणार. शिवाय इथेनॉल जुन्या गाडींतील कांहीं रबरी नळ्या व वायसर कडक किंवा ढिले करतें, आणि तें पाणी ओढून घेतें. पाणी फार झाल्यास इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशीं बसतें आणि गाडी सुरू होत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रथम गाडीची पुस्तिका व टाकीच्या झांकणावरील चिठ्ठी वाचावी. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या मोटारींचे भाग ई-२० ला टिकतील असे केलेले असतात. त्यांच्या धन्यांनीं भय बाळगूं नये. त्यापूर्वींच्या गाडीच्या नळ्या व वायसर जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावे. पावसाळ्यांत गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीनिशीं उभी ठेवूं नये. फवारणी यंत्रांत किंवा डब्यांत पेट्रोल सांठवून पुढील हंगामासाठीं राखूं नये. अधिक भावाचें पेट्रोल इथेनॉलरहित असतेंच असें नाहीं. तेंही विचारून घ्यावें.

आतां मुख्य मुद्दा. ब्राझीलनें १९७५ पासून उसाच्या इथेनॉलचा मार्ग धरला. तेथें पंपावर मिश्र पेट्रोल व इथेनॉल वेगवेगळें मिळतें, आणि इथेनॉलचा भाव पेट्रोलाच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच तें परवडतें हा ढोबळ हिशेब वाहनधारक करतात. आपल्याकडे इथेनॉलरहित पेट्रोलाचाही पर्याय असावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयानें १ सप्टेंबर २०२५ रोजीं फेटाळली. तो निर्णय शिरसावंद्य आहे. परंतु धोरण म्हणून सरकारनें जुन्या गाड्यांसाठीं कमी मिश्रणाची एक नळी कांहीं वर्षें राखावी, प्रत्येक पंपावर इथेनॉलचें प्रमाण ठळक लिहावें आणि कमी उष्णतेचा विचार भावांत करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमचे कांहीं बंधु म्हणतील कीं, अशी मागणी ऊस पिकविणाऱ्यांनींच करणें म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणें होय. आम्हांस तसें वाटत नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें साखर कमी पडेल ह्या भयानें रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनें आलीं आणि ऑगस्ट २०२४ मध्यें तीं उठलीं. सरकारचा कल एका हंगामांत फिरतो हें आपण पाहिलें आहे. अशा वेळीं आपल्या मालास खरा आधार गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा. विरोधकांच्या दहा भाषणांनीं इथेनॉलची जेवढी बदनामी होणार नाहीं, तेवढी रस्त्यांत बंद पडलेल्या एका जुन्या मोटारीनें होईल. आणि ती मोटार बहुधा आपल्यापैकींच कोणाची असेल. आपण ह्या व्यवहारांत विकणारेही आहों व घेणारेही आहों. विकतांना जें माप खरें म्हणून सांगतों, घेतांनाही तेंच मागावें, ह्यांतच आपलें हित आहे.