वन बीएचके, आई आणि मोत्या

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी एकही पिक्चर पाहिला नाही. दादाच्या गाडीवर मागे बसून पुण्यात भाड्याची घरं पाहत हिंडलो. दादाचं ऑफिस हिंजवडीला, म्हणून वाकड, थेरगाव, रहाटणी, नंतर बाणेर, सूस. हवं होतं साधं वन बीएचके. राहणारे तिघं : दादा, आई आणि मोत्या.

मोत्या हा आमचा कुत्रा. ब्रीड विचाराल तर शुद्ध अंबड! मत्स्योदरी देवीच्या टेकडीखाली सापडलेलं पिल्लू वडिलांनी पिशवीत घालून घरी आणलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. वडील गेल्यापासून घरात आई आणि तो, दोघंच. दादा म्हणाला, आता पुण्याला चल. आई म्हणाली, "येते की. पण मोत्याला कुणाच्या दारात बांधू?" विषय तिथंच संपला. मोत्या येणार असेल तर आई येणार.

एजंट लोकांचे प्रश्न आठवडाभरात पाठ झाले. फॅमिली का बॅचलर? 'आई आहे' म्हटलं की आवाज एकदम गोड. व्हेज का नॉनव्हेज? गाव कोणतं? आडनाव काय? आणि शेवटी आम्ही म्हणायचो, एक कुत्रा पण आहे. मग तिकडून शांतता. एकाने विचारलं, "लॅब्रेडॉर आहे का? मग बघू." गावठी आहे म्हटल्यावर फोन बंद. म्हणजे कुत्र्याचीही जात बघतात हो!

वाकडला एक मालक तयार झाले. टोकन दिलं. सामान आणायची तारीख ठरवायला गेलो तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी बोर्डाकडे बोट दाखवलं : पाळीव प्राण्यांना मनाई. दादाने तयारी केलेली होती. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना त्याने प्रिंट काढून नेल्या होत्या. सोसायटीला सरसकट प्राणीबंदी करता येत नाही, भाडेकरूंच्या प्राण्यांवरही नाही, असं त्यात स्पष्ट आहे. केरळ उच्च न्यायालयानेही 2021 मध्ये अशी बंदी घालणारे सोसायटीचे नियम बेकायदेशीर ठरवले. सेक्रेटरींनी कागद वाचला, चष्मा काढला आणि मालकांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी टोकन परत. मालक म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण मला या लोकांशी रोज काम पडतं." कायदा आमच्या बाजूने आणि घर मात्र नाही! सोसायटीने काय करू नये हे त्या कागदात आहे. पण मालकाने आपलं घर कुणाला द्यावं हे त्याला कोण सांगणार?

त्या रात्री मी फार चिडलो होतो. आता वाटतं, मालक लोकांचंही सगळंच खोटं नाही. दाराला ओरखडे पडतात, वास राहतो, दिवसभर एकटं कोंडलेलं जनावर भुंकून बिल्डिंग डोक्यावर घेतं. एका मालकाने तर सांगितलं की आधीचा भाडेकरू कुत्रा गॅलरीतच सोडून गेला होता. त्याला आम्ही काय उत्तर देणार? म्हणून माझं मत असं की नियम जरूर करा, पण कुत्र्याच्या असण्यावर नको, वागण्यावर करा. पट्टा, लस, घाण मालकाने उचलणे, दाराचा खर्च डिपॉझिटमधून. हे करारातच लिहून घ्या. पुण्यात कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतोच आणि त्यासाठी रेबीजची लसही लागते. तोही करारासोबत मागा. तोंडी 'अॅडजस्ट करू' म्हणून आत शिरलेला भाडेकरू दोन महिन्यांत भांडतोच.

आणि लपवून तर अजिबात नेऊ नका. आम्हालाही तसा सल्ला मिळाला होता. मोत्याला लपवायचं म्हणजे त्याने भुंकायचंच नाही. पोस्टमन आल्यावर तर तो माझ्या बापाचंही ऐकत नव्हता.

आता आपल्या हॉस्टेलकडे वळतो, कारण हा लेख खरं तर त्यासाठीच लिहायला घेतला. दर पावसाळ्यात एक पिल्लू मेसच्या मागे येतं. त्याला कुठल्यातरी विषयाचं नाव मिळतं, चपातीचे तुकडे मिळतात, रात्री दोनला सबमिशन करणाऱ्यांच्या पायाशी झोपायला मिळतं. मग फायनलवाले गावी किंवा नोकरीवर जातात आणि 'थर्मो' गेटपाशी बसून राहतो. जरा हिशेब करा. घरचा करार 11 महिन्यांचा, कुत्र्याचं आयुष्य साधारण 12-13 वर्षांचं. म्हणजे एका कुत्र्यामागे डझनभर करार, डझनभर वेळा तोच प्रश्न. हे गणित पिल्लू उचलताना कुणी मांडत नाही. पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड त्यात 10 ते 50 रुपये लिहिलाय, म्हणजे एका चहा-वडापावचा!

आम्हाला घर मिळालं ते धायरीकडे, एका जुन्या बैठ्या घराच्या मागच्या दोन खोल्या. मालकीण आजींनी एकच विचारलं, "चावतो का?" दादा म्हणाला, "भुंकतो. अजून चावला नाही." लसीचं कार्ड दाखवलं, मोत्याला प्रत्यक्ष आणून दाखवलं. तो त्यांच्या तुळशीपाशी जाऊन आडवा झाला. दादाला ऑफिसला जायला आता तासाच्या वर लागतो. आईने मात्र आल्या आल्या गल्लीतल्या चार बायकांशी ओळखी करून घेतल्या, मोत्याला फिरवता फिरवता.

यंदाचं पिल्लू मेसमागे आहेच, नाव 'सिव्हिल'. फायनलपैकी ज्याला ते खरंच न्यायचंय त्याने आधी आपल्या होणाऱ्या घरमालकाशी बोलावं आणि मला रूमवर येऊन सांगावं. कुणीच नेणार नसेल तर तेही आत्ताच सांगा. लस आणि नसबंदीसाठी मी आणि मेसचे मामा वर्गणी काढतोय, एप्रिलच्या आत करून टाकू.