याला 'गैरसमज' म्हणायचे?

वस्तीवर हल्ला झाला की आपल्याकडे बातमी येते, 'दोन गटांत गैरसमज'. उत्तर आयर्लंडचेही तसेच सांगतात: प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यातला पंथीय गैरसमज! पोप मानायचा की नाही, यावरून तीन दशकांत साडेतीन हजार माणसे मेली काय?

घरांचे बघा. तिथे स्थानिक निवडणुकीत मत फक्त घरमालकाला किंवा मुख्य भाडेकरूला आणि त्याच्या जोडीदाराला. आईबापाकडे राहणाऱ्या सज्ञान मुलाला मत नाही, कंपन्यांना मात्र जादा मते! म्हणजे कॅथलिकाला कौन्सिलचे घर दिले की त्याला मत मिळणार. मग देतो कोण? डेरीत कॅथलिक बहुसंख्य, पण वॉर्ड असे कापले की सत्ता प्रोटेस्टंट युनियनिस्टांचीच. जून 1968 मध्ये कॅलेडन गावात कॅथलिक कुटुंबे ताटकळत असताना घर मिळाले एका अविवाहित प्रोटेस्टंट तरुणीला. नॅशनॅलिस्ट खासदार ऑस्टिन करी सरळ त्या घरात घुसून बसले. 5 ऑक्टोबरला डेरीत नागरी हक्कांचा मोर्चा निघाला, तर पोलिसांच्या लाठ्या.

आणि हेच युनियनिस्ट पूर्वी 'कॅथलिक बहुमताखाली आमचे काय होईल' म्हणून भांडत होते. रेडमंड संरक्षणे द्यायला तयार होते, कार्सनने ती झिडकारली. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील ग्रंथात हा दाखला दिला आहे. अल्पसंख्य होण्याची भीती ज्यांना इतकी कळत होती, त्यांनी 1921 मध्ये स्वतःचे राज्य हाती येताच आपल्या अल्पसंख्याकांना काय दिले?

शेवटी 1998 च्या करारात मंत्रिपदे पक्षबळाच्या प्रमाणात वाटायची, हे लेखी घ्यावे लागले.