ग्वाल्हेरची हवा आणि आपल्या मोटारी

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत ग्वाल्हेरचा क्रमांक जगात दुसरा लागला, तेव्हा सर्व दोष सरकारदरबारी ढकलून आपण मोकळे झालो. परंतु हरिशंकरपुरमहून महाराज बाड्यापर्यंतच्या किरकोळ कामासाठीही जो गृहस्थ एकटाच मोटार काढतो, आणि दुकानासमोर इंजिन धडधडत ठेवून पावशेर गजक बांधून घेतो, त्याच्याकडे त्या दोषाचा काही हिस्सा निःसंशय येतो. (गजकाचा हिस्सा मात्र तो कोणास देत नाही!) चाकांतील हवा कमी असली की इंधन अधिक जळते, हे ठाऊक असूनही ती महिनोन्महिने तपासली जात नाही. महानगरपालिकेने रस्त्यांवरील धूळ हटवावी, बसगाड्या वाढवाव्यात, ही मागणी रास्तच; तथापि दोन शेजाऱ्यांनी एका गाडीतून कचेरीस जाण्यासाठी कोणत्याही फर्मानाची आवश्यकता नाही.