चॉकलेटचे तिकीट

राखेच्या बुधवारानंतरच्या पहिल्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांस विचारले, की या चाळीस दिवसांत कोण काय सोडणार? उत्तर जवळजवळ एकमुखाने आले : चॉकलेट! एक मुलगी मात्र गप्प बसून होती. तिचे वडील दुधाच्या टँकरवर चालक आहेत. थोड्या वेळाने ती म्हणाली, "फादर, सगळ्यांनीच चॉकलेट सोडलं, तर बाबांच्या गाडीतलं दूध कोण घेणार?" वर्ग हसला. आम्हांस मात्र हसता आले नाही, कारण उत्तर सुचले नाही.

प्रश्न पोरकट नव्हता. आमच्या वडोदऱ्याहून मोटारीने तासाभराच्या आत गाठता येईल असे मोगर हे गाव आहे. खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांनी १९४६ साली जी सहकारी संस्था उभारली आणि जिला आज सारा देश अमूल म्हणून ओळखतो, तिचा चॉकलेटचा कारखाना तेथे आहे. २०१८ च्या ३० सप्टेंबरला त्याच्या नव्या विभागाचे उद्घाटन झाले. तेव्हा चॉकलेट म्हटले की या भागातील मुलास गोठाही आठवावा, यात नवल नाही.

आम्हांस मात्र त्या क्षणी बार्सिलोना आठवले. दोन वर्षांपूर्वी, उपवासकाळातच, संत इग्नाती यांच्या मान्रेसा येथील गुहेच्या दर्शनास गेलो असता त्या शहरात एक दिवस मोकळा मिळाला होता. तेथे मिठाईवाल्यांच्या संघाने चालविलेले चॉकलेटचे संग्रहालय आहे. कमाटीबागेतील आमच्या संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आणि इजिप्तची ममी पाहिलेल्या माणसास ते चिमुकलेच वाटावे. पण खिडकीतून जे तिकीट हाती आले ते कागदाचे नव्हते. ती चॉकलेटची वडी होती! गोड पदार्थ वर्ज्य करण्याचा आमचा नेम असल्याने आम्ही ती निमूटपणे खिशात घातली. सोबतचे वयोवृद्ध फादर मात्र आपले तिकीट तेथल्या तेथे खाऊन मोकळे झाले. आत पुन्हा कोणी तिकीट मागितले असते तर त्यांनी काय दाखविले असते, कोण जाणे.

हे संग्रहालय ज्या इमारतीत आहे ती पूर्वी संत ऑगस्टिन यांच्या संघाचा मठ होती. आत चॉकलेटचे पुतळे मांडलेले आहेत. त्या प्रांतात ईस्टरच्या सोमवारी धर्मपिता आपल्या धर्मपुत्रास 'मोना' नावाचा केक देतो, त्यावरील चॉकलेटच्या आकृतींतून ही कला वाढली. (आमच्या धर्मग्रामातील धर्मपित्यांनी याची नोंद घेतल्यास मुलांची हरकत नसावी.) कोकोचे फळ फांदीच्या टोकाशी नव्हे, तर थेट खोडावर लागते, आत पांढऱ्या गरात बिया असतात. त्या काही दिवस आंबवून, वाळवून, भाजल्याखेरीज चॉकलेटचा वास येतच नाही. मेक्सिकोचे आस्तेक लोक या बिया नाण्यांप्रमाणे वापरीत.

स्पॅनिश लोकांनी हे पेय युरोपात नेले आणि एक मोठाच वाद उभा राहिला : चॉकलेट प्याल्याने उपास मोडतो काय? आंतोनियो दे लेओन पिनेलो या विद्वानाने १६३६ साली माद्रिद येथे यावर आख्खे पुस्तक छापले. पुढे १६६४ साली कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी रोममध्ये लॅटिन ग्रंथ लिहून कौल दिला, की ते पेयच आहे, आणि पेयाने उपास मोडत नाही. चावून खाण्याची वडी फ्राय यांच्या कारखान्याने १८४७ साली काढली. म्हणजे कार्डिनलांची सवलत आमच्या खिशातील तिकिटास लागू नव्हती. हे आम्ही सोबतच्या फादरांस सांगितलेही; पण तोवर फार उशीर झाला होता.

असो. त्या वादाचा सारा रोख पिणाऱ्याच्या पोटाकडे होता. आमच्या वर्गातील मुलीने तोच प्रश्न दुसऱ्या टोकाने उचलला. त्या टोकाला आजही पुष्कळ माणसे उभी आहेत. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, आणि तेथील मळ्यांवर कोवळी मुले कोयता घेऊन राबतात. पूर्वी साओ तोमे बेटावर अंगोलातून आणलेल्या मजुरांस गुलामांप्रमाणे राबविले जाई. म्हणून १९०९ साली कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री या इंग्रज कंपन्यांनी तेथील कोको घेणे थांबविले. तेही चॉकलेटवाल्यांनी काही सोडणेच होते; पण ते मजुराकडे पाहून सोडले होते. अर्थात, त्याआधी कित्येक वर्षे तोच कोको घेतला गेला होता, हेही विसरता येत नाही.

आमचे तिकीट वडोदऱ्यास पोहोचेपर्यंत येथील उन्हाने वितळून कागदास चिकटले. ईस्टरला मुलांनी ते चमच्याने खरवडून खाल्ले.

परवा त्या मुलीचे वडील भेटले, तेव्हा आम्ही त्यांस हा प्रश्न सांगितला. ते हसले. म्हणाले, "फादर, दूध काय, चहालाही लागतं. तिला म्हणावं, काळजी करू नको." मग जरा थांबून म्हणाले, "पण सोडायचं म्हणजे काय, फादर? आमच्या घरी ते येतं महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी. तिघांत एक."

तिने शेवटी काय सोडले, हे आम्ही तिला अद्याप विचारलेले नाही.