सतरंजी नवऱ्याची, ओटा बायकोचा

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी सपत्नीक दवाखान्यात आले. हातात रक्ताचा रिपोर्ट आणि चेहऱ्यावर नाराजी. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टर, जूनपासून एक दिवस खाडा नाही. पहाटे साडेपाचला सतरंजी घेऊन शाळेच्या मैदानावर हजर. सूर्यनमस्कार, पवनमुक्तासन, अनुलोम-विलोम, सगळं करतो. तरी साखर जागची हलत नाही. माझं काय चुकतंय?"

उपाशीपोटीची साखर १६८ होती, रक्तदाब १५०/९०. गोळ्या वेळेवर चालू होत्या. मी विचारले, "वर्ग सुटल्यावर काय करता?" गुरुजी घुटमळले. उत्तर वहिनींनी दिले. "काय करणार? सगळी मंडळी स्टँडसमोरच्या हॉटेलात जातात. भजी, पोहे, वर दोन कप चहा. घरी आले की माझ्या हातचं पुन्हा खातात, कारण हॉटेलातलं खाल्लेलं मला सांगायचं नसतं."

गुरुजी हसले, मीही हसलो. हसता हसता माझे लक्ष वहिनींकडे गेले. दोन पायऱ्या चढून आलेल्या बाईंना अजून धाप लागत होती. मी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग कागदासारखा पांढरा. हिमोग्लोबिन करायला सांगितले. ८.४ निघाले. बाईंचे १२ तरी असायला हवे. तपासायला आले होते गुरुजी, आणि जास्त आजारी होत्या त्यांच्या शेजारी पिशवी धरून बसलेल्या वहिनी.

आजचा विषय हाच आहे. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला गावोगावची मैदाने सतरंज्यांनी भरतात. त्यातल्या काही सतरंज्या पुढेही रोज अंथरल्या जातात, याचा मला डॉक्टर म्हणून आनंदच आहे. योगाने रक्तदाब थोडा उतरतो, साखरेला हातभार लागतो, झोप सुधारते, सांधे मोकळे राहतात. यात शंका घ्यायचे कारण नाही. पण तासभर योग आणि उरलेले तेवीस तास मोकळे रान, हा हिशोब शरीराला मान्य नाही. योगाच्या जुन्या ग्रंथांनाही तो मान्य नव्हता. हठयोगप्रदीपिकेत आसने आहेत तसा मिताहारही आहे: पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून जेवावे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग्याचे खाणे आणि झोपणे बेताचे असावे असेच सांगितले आहे. फक्त एक गोष्ट आपण विसरतो. प्रदीपिकेतला साधक एकांतातल्या मठीत राहणारा आहे. त्याला सकाळी सात वाजता मुलांचे डबे भरायचे नसतात.

आपल्या घरी ते कोणीतरी भरते. योग आणि सात्त्विक शाकाहारी जेवण यांची सांगड घाला असे व्याख्यानात सांगणे सोपे आहे. घरात ती सांगड म्हणजे प्रत्यक्षात काय होते? नवरा सतरंजीवर आणि बायको ओट्यापाशी. मोड आणायचे तिने, पालेभाजी निवडायची तिने, ज्वारीची भाकरी थापायची तिने. 'पथ्याचे' करायचे म्हणजे मुलांसाठी एक, नवऱ्यासाठी एक अशा दोन भाज्या. योग करायला तिला वेळ नाही, आणि ते सात्त्विक जेवण तिच्या ताटात येते ते सगळ्यांचे झाल्यावर, भाजी संपलेली असताना. राहिलेली भाकरी, आमटीचे पाणी आणि लोणच्याची फोड.

दुसऱ्यांचे कशाला, माझ्याच घरची गोष्ट सांगतो. मी चाळिशी उलटल्यावर पहाटे आसने आणि प्राणायाम सुरू केला. पेशंटना अभिमानाने सांगायचो. सात-आठ वर्षांनी एकदा पत्नीला चक्कर आली म्हणून रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.९. मी दिवसभर लोकांच्या पापण्या ओढून पाहणारा माणूस, आणि समोर ताट वाढणाऱ्या बाईकडे कधी पाहिले नव्हते. मी डोळे मिटून दीर्घ श्वास घेत असे, तेव्हा ती माझ्याच साठी मटकी फोडणीला टाकत असे. हे छापू का, असे मी तिला विचारले. म्हणाली, "छापा. पण तुम्ही पोह्यांवर शेव घेता तेही छापा." छापले.

आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. म्हणजे तुमच्या घरात बायका असतील तर हा प्रश्न शेजारच्या घरातला आहे असे समजू नका.

"आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, मग आहाराचा प्रश्नच कुठे येतो?" असे मला रोज कोणीतरी विचारते. अहो, साबुदाणा वडा शाकाहारी आहे. फरसाण, जिलेबी, बिस्किटे, सगळे शाकाहारी आहे. साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काही नाही. खिचडीतले जे काही अंगी लागते ते शेंगदाण्यामुळे. (मटण खाणाऱ्यांनी या लेखावर रागावू नये. त्यांच्याही ताटात रोज मटण नसते, बाकीचे जेवण हेच असते.)

खरे तर आपल्याकडच्या साध्या जेवणात कशाची उणीव फारशी नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची किंवा हुलग्याची उसळ, एक पालेभाजी, कांदा, शेंगांची चटणी, वाटीभर दही. धान्यात जी प्रथिने कमी पडतात ती कडधान्ये भरून काढतात, म्हणून भाकरी आणि उसळ एकत्र खायची. मोड आणले की कडधान्यातले लोह शरीराला जास्त मिळते. वरून लिंबू पिळले की आणखी मिळते. आणि हे सगळे करून जेवणावर लगेच चहा घेतला की त्यातले बरेचसे वाया जाते. चहा सोडा असे मी म्हणणार नाही, माझे कोणी ऐकणारही नाही. जेवणानंतर तासभर थांबा, एवढेच.

भोगीच्या दिवशी आपण काय करतो ते आठवा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि वांगी, गाजर, घेवडा, पावटा, ओला हरभरा घातलेली भाजी. आहारशास्त्राच्या पुस्तकातले ताट यापेक्षा फार वेगळे नसते. वर्षातून एकदा करतो तेच चार-सहा वेळा केले तर कोणता देव रागावणार आहे?

तेल माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटर पुरे. मीठ दिवसाला एक सपाट चमचा, त्यात लोणचे, पापड आणि फरसाण धरून. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, तो रक्तदाबाच्या माणसाला चांगला नाही.

शाकाहारी वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात आणि धान्यात नसते. दूध-दह्यात थोडे असते, आणि अनेक घरांत दूध चहापुरतेच येते. ते कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षे घेणाऱ्यांत ते आणखी कमी होते. हे कपालभातीने भरून निघत नाही. तपासणी करावी आणि लागली तर गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे. तसेच योग सुरू केला म्हणून साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या मनानेच बंद करू नयेत. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी तासभर सूर्यनमस्कार घालण्याआधी डॉक्टरांना विचारावे, साखर एकदम उतरू शकते. काचबिंदू आणि वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये, शेजारी करतो म्हणून तर मुळीच नाही.

आता मूळ मुद्दा. "बायकांना घरकामातच व्यायाम होतो, त्यांना योग कशाला?" हे वाक्य मी शिकलेल्या पुरुषांकडूनही ऐकतो. घरकामात श्रम होतात हे खरे. पण ते सगळे पुढे वाकून नाहीतर उभे राहून. पाठ मागे नेण्याचे, खांदे उघडण्याचे काम त्यात नसते, आणि विश्रांतीचा तर पत्ताच नसतो. एका बाईंना मी शवासन शिकवले. आठ दिवसांनी म्हणाल्या, "डोळे मिटतात हो, पण कान कुकरच्या शिट्टीकडे असतो." कान शिट्टीकडे असेल तर शवासन होत नाही. कुकर कोणीतरी दुसऱ्याने पाहायला हवा.

म्हणून मी आता पथ्याचा कागद एकट्या पेशंटच्या हातात देत नाही, नवरा-बायकोला समोर बसवतो. गुरुजींनाही तसेच सांगितले. मैदानावरचा वर्ग आठवड्यातून तीन दिवस ठेवा. उरलेले दिवस दोघांनी घरातच अर्धा तास सतरंजी घाला. रात्री मूग-मटकी भिजवणे, सकाळी भाजी निवडणे आणि चिरणे, कोशिंबीर करणे, ही कामे तुमची. भाकरी जमत नसेल तर शिका. शाळेत चाळीस पोरांना भागाकार शिकवलात, भाकरी त्याहून अवघड नाही. आणि जेवायला दोघांनी एकाच वेळी बसायचे. मागून बसणे बंद. गुरुजी जरा ओशाळले. "लोक काय म्हणतील?" म्हणाले. मी म्हटले, लोकांना हॉटेलातल्या भज्यांचे सांगता ना, मग भाकरीचेही सांगा.

वहिनींच्या बाबतीत नुसत्या पालेभाजीवर भागणार नव्हते. या वयात रक्त इतके कमी असेल तर ते पोटातून कुठे जात नाही ना, हे आधी पाहावे लागते. त्या तपासण्या केल्या, सुदैवाने तसे काही निघाले नाही. मग लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीवर चहा घ्यायचा नाही, हे गुरुजींकडून वदवून घेतले.

होळीच्या सुमाराला दोघे परत आले. गुरुजींची साखर १३४, गोळ्या त्याच. वहिनींचे हिमोग्लोबिन १०.९, पायऱ्या चढून आल्या आणि धाप नाही. गोळ्या अजून काही महिने घ्याव्या लागतील. गुरुजींची भाकरी म्हणे अजून गोल होत नाही. आणि मेथी निवडताना कोवळे देठ ठेवायचे की टाकायचे, यावर दोघांचा माझ्यासमोरच वाद सुरू झाला. बाहेर पेशंट थांबले होते, म्हणून तो मी व्हरांड्यात पाठवला.