लेक, सरोवर आणि धरण

भंडारदऱ्यावरचे कोणतेही प्रवासवर्णन उघडावे, त्यात पाण्याचा उल्लेख 'निळेशार सरोवर' किंवा 'आर्थर लेक' असा आढळतो. (मराठी कानाला 'लेक' म्हटल्यावर आधी मुलगी आठवते, तो भाग निराळा.) अकोले तालुक्यातला माणूस मात्र त्याच पाण्याला 'धरण' म्हणतो. नुसत्या भिंतीला नव्हे, पाण्यालाही. धरण भरलं, धरण उतरलं, गुरं धरणावर गेली. हा केवळ बोलीचा भेद आहे असे आम्हांस वाटत नाही. मराठी प्रवासवर्णनाचे गेल्या काही दशकांत जे झाले, ते या एका शब्दाच्या निवडीत उघड होते, असे आमचे मत आहे.

हे मत पक्के झाले ते गेल्या डिसेंबरात. आम्ही दोघे मित्र, दोघेही मराठीचे अध्यापक, सायकलींवर तंबू बांधून घोटीमार्गे बारीला पोहोचलो, कळसूबाई (१६४६ मीटर) चढून उतरलो आणि शेंडीहून पाण्याला वळसा घालायला निघालो. मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत असा हा सुमारे चाळीस किलोमीटरांचा फेरा. मोटारीतला प्रवासी तो दोन तासांत उरकतो आणि त्याला पाणी दिसते, रस्ता दिसत नाही. सायकलस्वाराला प्रत्येक चढ पायांनी मोजावा लागतो, दर दोन मैलांवर थांबावे लागते, आणि थांबले की कोणीतरी विचारतेच, "कुठले पाव्हणे?" रतनवाडीच्या बाजूस आम्ही तंबू ठोकला तेव्हा आमच्यापैकी एकाच्या तोंडून 'तळे' हा शब्द गेला. तेथे तंबू भाड्याने देणारा तरुण हसून म्हणाला, "सर, तळं नका म्हणू. तळं आपोआप असतं. हे बांधलंय. आमच्या पणज्याची खाचरं हाईत त्याच्या खाली."

बांधले आहे, हे खरेच. रतनगडावर उगम पावलेल्या प्रवरेला शेंडीजवळ अडवण्याचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव भिंतीला मिळाले. भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर, साठा सुमारे ११ टीएमसी. हे पाणी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे गेले, तेथे ऊस झाला, आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. महाराष्ट्राच्या सहकाराचा इतिहास सांगताना आपण लोणीपासून आरंभ करतो. त्याचा वरचा अर्धा भाग या डोंगरात आहे. पुढे निळवंडे आले. १९७० च्या सुमारास आखलेल्या त्या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे उद्घाटन व्हायला २०२३ साल उजाडले. २०१४ च्या आदेशाने १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र घालून दिले, आणि नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा वाद त्यावर झडत राहिला. घाटघरला तर पाण्याला वेळापत्रकच आहे: २५० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पात विजेची मागणी वाढली की पाणी कोकणाच्या बाजूस खाली सोडतात आणि मागणी ओसरली की पुन्हा वर चढवतात. त्या काठावर उभे राहून 'निसर्गाच्या कुशीत' असे लिहायला बरेच धैर्य लागते. याच घाटमाथ्यावर पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि उन्हाळ्यात याच वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन पाणवठे शोधतात.

मराठी प्रवासवर्णन असे आंधळे जन्मले नव्हते. गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने निघाले, १८५७ च्या धामधुमीत सापडले, आणि त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये पोटाची चिंता व मरणाची भीती लपलेली नाही. इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि भक्तीच्या त्या वाटेवरही जातीजातींच्या पंक्ती वेगळ्या बसतात हे त्यांनी पाहिले, लिहिले. पायी चालणाऱ्याला ते दिसते. पुढे प्रवास हौसेचा झाला, वाहन वेगवान झाले आणि गद्य विशेषणांचे झाले.

यावर आक्षेप येईल की सौंदर्यास्वादात हा टीएमसींचा हिशेब कशाला? आम्हांस सौंदर्याचे वावडे नाही. पहाटे पाण्यावरचे धुके विरून रतनगड उलटा उभा राहिला तेव्हा आम्ही तासभर चहा विसरलो होतो. परंतु दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' आजही टवटवीत वाटते ते झाडाला त्याच्या नावाने हाक मारल्यामुळे. इथला हिरडा हे महादेव कोळी कुटुंबांच्या हातात चार पैसे देणारे झाड आहे. सादडा, बेहडा, जांभूळ यांवर मे महिन्याच्या अखेरीस काजवे लखलखतात, आणि ते पाहायला आलेल्या मोटारींचे दिवे त्यांच्यावरच रोखलेले असतात. देवगावच्या राघोजी भांगऱ्याला इंग्रजांनी १८४८ साली ठाण्यात फाशी दिले. पर्यटन-लेखांत आर्थर भेटतो, राघोजी क्वचितच.

आमची खरी काळजी वर्गातली आहे. प्रश्नपत्रिका 'निसर्गवर्णनातील सौंदर्यस्थळे स्पष्ट करा' असे विचारते आणि विद्यार्थी तीच भाषा उचलतो. अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने प्रवासवर्णनाच्या स्वाध्यायात महाबळेश्वर लिहिले होते. तो तिथे कधी गेला नव्हता. विचारले तर म्हणाला, "सर, आमच्याकडे लोक फिरायला येतात. आम्ही कुठं फिरतो?" आपले गाव दुसऱ्याच्या प्रवासवर्णनाचा विषय आहे, आपल्या नव्हे, हे त्याला कोणी मुद्दाम शिकवले नव्हते. वाचलेल्या गद्यातून ते आपोआप झिरपले होते.

यंदा आम्ही स्वाध्यायाची अट बदलली: स्थळ आपले, आणि नावे गावात चालतात तीच. त्याने मे महिन्यातल्या धरणावर लिहिले. पाणी उतरले की ओल्या गाळात गुरांच्या वाटा कशा पडतात, आई पहाटे झऱ्यावर किती वेळ बसते, आणि त्याच सुमारास तंबूवाल्यांकडे मुंबईचे पाहुणे कसे येऊ लागतात. लेख वर्गात वाचला तेव्हा राहुरीकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "म्हणजे आमच्या कालव्याला येतं ते हेच पाणी का?" उरलेला तास त्या दोघांच्या बोलण्यातच गेला.